गावात वर, गावाबाहेर खाली

हरीभाऊंची नि माझी ओळख त्यांनी माझ्या हातातली छत्री काढून घेतली तेव्हापासूनची. पालघर स्टेशनाबाहेर टांगे उभे राहायचे तिथे मी भाजीची पिशवी घेऊन उभी होते. ऊन लागलं म्हणून छत्री उघडायला गेले, तर ती अर्ध्यावर अडकली. शेजारच्या टपरीतून खाकी अर्धी विजार घातलेला एक लुकडा माणूस उठून आला. त्याने न विचारता छत्री घेतली, चार वेळा उघडली, चार वेळा मिटली, खिशातून तारेचा तुकडा काढून एका काडीला आवळला आणि छत्री परत माझ्या हातात दिली. ‘काडी वाकली व्हती,’ एवढंच म्हणाला आणि परत जाऊन बसला. मी सातारची. आमच्याकडे परका पुरुष बाईच्या हातातली वस्तू अशी ओढून घेत नाही. घरी जाऊन मी ह्यांच्यापाशी चांगली कुरकुर केली, पण छत्री पुढे सहा वर्षं अडकली नाही.

तेव्हा तारापूरला अणुभट्टीचं बांधकाम चालू होतं आणि आमच्या ह्यांना तिथे कारकुनी मिळाली होती. बोईसरला खोली मिळेना म्हणून आम्ही पालघरात बाजाराच्या कडेला बिऱ्हाड केलं. हे रोज पॅसेंजरने बोईसरला जात, आणि मी दोन लहान मुली सांभाळून ओट्यावरच्या मशिनवर झंपर शिवत असे. हरीभाऊंची टपरी तिथून हाकेच्या अंतरावर. ते टांग्यांच्या गाद्या भरायचे आणि टप बसवायचे. टांग्यावरचं ते मिटणारं छप्पर, त्याला टप म्हणतात, हे मला पालघरातच कळलं. टप बघितला की हरीभाऊंचा हात शिवशिवायचा. उभ्या टांग्याचा टप उगाच पाडायचे, चढवायचे, कान लावून बिजागरीचा आवाज ऐकायचे आणि तेल घालायचे. टांगेवाले हसायचे. घोडं कंटाळून मान हलवायचं.

‘छप्पर कुणीबी घालील,’ ते म्हणायचे. ‘मिटता आलं पायजे.’

मोजपट्टी त्यांच्याकडे नव्हती. सगळी मापं विती नि बोटांनी. आता गंमत अशी की त्यांच्या उजव्या करंगळीचं वरचं पेर कधीतरी टांग्याच्या चाकावरच्या पोलादी पाट्यात सापडून गेलं होतं, त्यामुळे हरीभाऊंची वीत इतर माणसांच्या वितीपेक्षा आखूड. स्टँडवर कुणी कमी माप दिलं, की ‘हरीभाऊची वीत’ म्हणायची पद्धत पडली होती. ते स्वतःही म्हणायचे. मात्र त्यांनी बसवलेला टप कधी चुकलेला मी बघितला नाही, कारण ते मापावर विसंबतच नसत. दहादा लावून बघायचे, दहादा काढायचे. कुणी घाई केली की ‘होतंय, जरा थांबा’ म्हणायचे, आणि ते ‘जरा’ आठवडाभर चालायचं.

बायकोबद्दल ते बोलत नसत. ‘घरात बरं नाय’ एवढंच. घर रेल्वे फाटकापलीकडे, मासवणच्या रस्त्याला लागताना. घरात क्षय आहे हे मला बाजारातल्या बायकांनी सांगितलं, तेही आवाज खाली करून. आठवड्यातून दोनदा लक्ष्मीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, सुईसाठी दवाखान्यात न्यावं लागे आणि दवाखाना फाटकाच्या अलीकडे, भर बाजारात.

एकदा ते तिला टांग्यातून घेऊन निघाले. भागीतला टांगा, मागे आणखी दोघी बसल्या होत्या. वाटेत लक्ष्मीला खोकल्याची उबळ आली. दोघींनी आरडाओरडा केला आणि टांगेवाल्याने हरीभाऊंना नि तिला फाटकापाशी रस्त्यावर उतरवलं. ती तिथे मैलाच्या दगडाला टेकून बसली, येणारेजाणारे लांबून वळसा घालून गेले, आणि शेवटी हरीभाऊंनी तिला पाठुंगळी मारून घरी नेली. त्यानंतर एकही टांगा तिला घेईना. ज्यांच्या टपांना ह्या माणसाने आयुष्यभर तेल घातलं, ते टांगे.

मला राग आला तो पुढच्या गोष्टीचा. त्याच आठवड्यात त्याच टांगेवाल्याचा टप फाटला आणि हरीभाऊ तो मन लावून शिवत बसलेले मी बघितले. मला राहवलं नाही. मी जाऊन म्हटलं, तुम्हाला काही वाटत नाही का? त्यांनी दोरा दाताने तोडला.

‘टप त्याचा नाय, वैनी. त्याच्याखाली जो बसल त्याचा हाय.’

मोटार बांधायचं त्यांच्या डोक्यात आलं ते तेव्हाच. डॉक्टर म्हणाले होते की संध्याकाळी समुद्राची हवा मिळाली तर बरं. लक्ष्मीची बहीण शिरगावला किनाऱ्याजवळ राहायची, पण तिने घरात घ्यायला हात जोडले होते. हरीभाऊ म्हणाले, घरात नको घेऊस, समुद्र काय तुझ्या बापाचा नाही. प्रश्न राहिला तिथवर न्यायचा. मग मोडीत निघालेल्या एका जीपचं इंजिन आणि सांगाडा त्यांनी कुठून तरी पैदा केला, टपरीमागे आणून टाकला आणि त्यावर सागवानाच्या फळ्या नि पत्रा ठोकायला सुरुवात केली. लहानपणी मनोरच्या रस्त्यावर त्यांनी कुणा संस्थानिकाची उघडी मोटार बघितली होती. लांब नाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पायऱ्या, मागे सिंहासनासारखी गादी. तशीच करायची, दुसरी नाही. कागदपत्रांचं त्यांनी काय केलं ते मला विचारू नका.

गाडी वर्षभरात चालायला लागली. अडलं ते टपापाशी.

लक्ष्मीची अट होती, आणि तिने घातलेली ती एकच अट. गाडी बाजारातून जाईल तेव्हा टप वर पाहिजे. गावाबाहेर पडली की खाली. झाकून ठेवलं तर तिला श्वास पुरायचा नाही आणि उघडं ठेवलं तर लोक बघणार. तिने मला पुढे एकदा सांगितलं, ‘बघंनात का. पण नाक दाबतात, ते मला बघवत नाय.’ म्हणजे टप असा हवा, की हरीभाऊंनी गाडी उभी करून, पुढच्या जागेवरून न उठता, एका हाताने चढवावा नि एका हाताने पाडावा. गावात वर, गावाबाहेर खाली. हे शब्द ते जपासारखे म्हणायचे.

मुंबईहून त्यांनी मोडीतल्या एका व्हिक्टोरिया बग्गीच्या टपाचा सांगाडा आणला. चांगला खोल टप, मागच्या माणसाला दोन्ही कुशींनी झाकणारा. दांडे उत्तम, बिजागऱ्या उत्तम, फक्त गाडीच्या अंगाला तो वीतभर अरुंद. दांडे तेच ठेवून वरच्या तीन आडव्या कमानी तेवढ्या रुंद आणायच्या, असं ठरलं. प्रकल्पावर खडी वाहणारा शिवपूजन नावाचा एक उत्तरेकडचा ट्रक ड्रायव्हर मुंबईला जाऊन-येऊन असायचा. हरीभाऊंनी त्याला सांगितलं, टपाच्या गाडीला लागतात तशा तीन कमानी आण, रुंद बघून.

शिवपूजन महिन्याने आला आणि त्याने टपरीपुढे धाडकन तीन पोलादी पट्ट्या टाकल्या. ट्रकच्या चाकावर असतात ते पाटे. त्याच्या भाषेत कमानी म्हणजे तेच. हरीभाऊ त्या पट्ट्यांकडे बघत राहिले. शिवपूजन बिचारा घाबरला. ‘कमानी ही तो बोला था, भाऊ,’ तो पुन्हापुन्हा म्हणत होता. हरीभाऊंनी त्याला चहा पाजला. चूक त्याची नाय, शब्दाची हाय, असं म्हणाले. परत पाठवायच्या तर आणखी महिना जाणार, आणि लक्ष्मीकडे किती महिने आहेत हे डॉक्टरही सांगत नव्हते. मग आलंय तेच वापरायचं, असं ठरलं.

लोहाराकडे त्या पट्ट्या तापवून, ठोकून, पातळ करून वाकवल्या. पण पाट्याची जात कुठे जाते? ज्याने जन्मभर वजन वर ढकललं ते पोलाद टपात बसवलं तरी ढकलायचंच. टप पाडला की कमानी आपोआप उठायच्या. चढवला की दोन्ही बाजूंना पसरू बघायच्या. एकदा बिजागरी सुटून एक कमान स्टँडवरच्या घोड्याच्या पाठीत बसली आणि ते घोडं टांग्यासकट फाटकापर्यंत पळालं. बाजार हसला, मीही हसले. हरीभाऊ शांतपणे कमान उचलून पुन्हा लोहाराकडे गेले. असं किती वेळा झालं कोण जाणे. दोन बिजागऱ्या सरकवल्या, एक खुंटी वाढवली, सायकलची एक स्प्रिंग उलटी बसवली, आणि एका सकाळी नुसता सांगाडा एका हाताने वर गेला आणि एका हाताने खाली बसला. मी ओट्यावरून बघत होते. त्यांनी तो पंधरा-वीस वेळा तरी चढवला-पाडला. मग टपरीत जाऊन पाठ फिरवून बसले, आणि मी आत निघून गेले.

राहिलं होतं कापड. रेक्झिन उन्हात तडकतं म्हणून त्यांनी सातपाटीहून शिडाचं जाड, कोरं कापड आणलं. टपरीत उंदीर होते, म्हणून ते घरी नेऊन लक्ष्मीच्या खाटेखाली ठेवलं. पंधरा दिवस ते तिथे होतं. मग शिवायला माझ्याकडे घेऊन आले. म्हणाले, ‘वैनी, देणाऱ्यानं सांगितलंय, दोनदा पाण्यातून काढा, वाळवा, मंगच कापा. लई आटतं.’

हे मला कुणी सांगायला नको होतं. साधं झंपराचं कापड मी पाण्यातून काढल्याशिवाय शिवत नाही. पण हे कापड कुठून आलंय ते मला माहीत होतं. ते भिजत घालायचं म्हणजे आमच्या मोरीत, आमच्या घंगाळात, जिथे माझ्या मुली आंघोळ करायच्या. मी ते दोन दिवस ओट्यावर उन्हात टाकलं. तिसऱ्या दिवशी तसंच कोरं कापलं आणि शिवलं. नाकाला पदर बांधून शिवलं, हेही सांगते. शिवण मात्र अशी घातली, की सातपाटीच्या शीड शिवणाऱ्यानेही मान डोलवावी.

गाडी तेव्हा त्यांच्या अंगणात नेली होती, म्हणून टप बसवताना माप बघायला मला त्यांच्या घरी जावं लागलं. तेव्हा लक्ष्मीला मी पहिल्यांदा जवळून बघितलं. हाडाची काडी झाली होती, पण डोळे थट्टेखोर. ‘टप म्हंजे माजी सवत हाय, वैनी,’ ती म्हणाली. ‘मला येवडं तेल कदी घातलं नाय.’ मी हसले. तिने हरीभाऊंना चहा टाकायला लावला. मी म्हटलं, आज माझा उपास आहे, चहासुद्धा चालत नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, बरं. कुठला उपास, हे तिने विचारलं नाही.

नवरात्रानंतर पहिल्यांदा गाडी निघाली. फाटकापाशी हरीभाऊंनी टप चढवला. बाजारातून गाडी गेली तेव्हा लोकांना दिसलं ते फक्त लांब नाक, खाकी टोपी घातलेले हरीभाऊ आणि मागचा गच्च झाकलेला टप. शेवटचं घर मागे पडलं की टप खाली. शिरगावला सुरूच्या झाडांपाशी गाडी उभी करून दोघं अंधार पडेपर्यंत बसायची. पाच-सहा वेळा तरी ती गेली असतील. आठवड्याने हरीभाऊ टपरीवरून मला ओरडून म्हणाले, ‘काल तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या.’ इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी अवकाळी सर आली. गाडी टप चढवून टपरीबाहेर उभी होती. कापड चिंब भिजलं आणि पुढचे दोन दिवस कडक उन्हात वाळलं. मी ओट्यावरून ते बघत होते. त्या सरीत उठून जायला हवं होतं. जाऊन काय सांगणार होते?

पुढचं मला हरीभाऊंनीच सांगितलं, थोड्या शब्दांत. कापड वाळलं त्या संध्याकाळी ती दोघं निघाली, बाजार ओलांडला, शेवटचं घर मागे पडलं. त्यांनी हात लावला, टप हलेना. उतरून दोन्ही हातांनी ओढला, हलेना. कापड आटून इतकं ताणलं होतं, की त्या पोलादी कमानी त्यात धनुष्यासारख्या अडकून बसल्या होत्या आणि बिजागऱ्या जाम. आत लक्ष्मीला उबळ आली. त्या खोल टपात हवा शिरेना. ते म्हणाले, तुला उचलून बाहेर ठेवतो. तिने त्यांचा हात धरला.

‘रस्त्यावर नको,’ ती म्हणाली. ‘मला पुन्ना रस्त्यावर नका ठेवू.’

हरीभाऊंच्या विजारीच्या खिशात गाद्या कापायची सुरी असायची. त्यांनी टप वरून खालपर्यंत फाडला. माझ्या शिवणीवरून सुरी नीट चालेना, तेव्हा हातांनी ओढून फाडला. शिरगावला ती गेलीच नाहीत. परत बाजारातूनच यावं लागलं. दिवेलागणीची वेळ, दिवाळीची गर्दी. मी दारात उभी होते. डोक्यावर तीन उघड्या कमानी, त्यांना लोंबणाऱ्या चिंध्या, आणि खाली लक्ष्मी, सगळ्यांना दिसेल अशी. लोक बाजूला झाले. कुणी कुणी नाक दाबलं. ती समोर बघत होती. हरीभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून तिच्याकडे मागे दिली होती, तोंड झाकायला म्हणून, ती तिने मांडीवर ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी ते फाटक्या कापडाची गुंडाळी घेऊन माझ्याकडे आले. मशिनपाशी उभे राहिले. कापडाची कड बोटांत धरून त्यांनी विचारलं, ‘वैनी, पाण्यातून काढलं व्हतं ना?’

मी म्हटलं, ‘हो. दोनदा.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कापडाची घडी घातली, कडेला कड लावून, आणि मान हलवली. ‘मंग कमानींचीच चूक,’ म्हणाले. ‘मीच आलंय ते वापरलं.’

मी पुन्हा शिवून देते म्हटलं. या वेळी सैल शिवते, रात्रंदिवस बसते, काय वाट्टेल ते बोलले. ते म्हणाले, ‘आता कापड नको म्हनते ती.’ आणि गुंडाळी काखेत मारून गेले. मला तेव्हाच त्यांच्यामागे जाऊन सांगता आलं असतं. धाकटी रडत होती, पातेल्यात डाळ होती, आणि ते फाटकाच्या दिशेने गेले.

नंतरचे दोन-तीन महिने गाडी बिनकापडाचीच जायची. आणि हे मला सांगूनही कुणाला खरं वाटत नाही, पण फाटकापाशी आली की हरीभाऊ ती थांबवायचे, हात मागे करून त्या नागड्या कमानी वर चढवायचे आणि मगच बाजारात शिरायचे. झाकलं काहीच जात नव्हतं. लक्ष्मी त्या तीन पट्ट्यांच्या सापळ्याखाली बसलेली सगळ्यांना दिसायची. पलीकडे शेवटचं घर गेलं की ते कमानी खाली पाडायचे. पोरं हसायची. टांगेवाले हसत नव्हते. दवाखान्याच्या वारी ती माझ्या ओट्यावरून जायची तेव्हा माझ्याकडे बघून हात हलवायची, आणि मी आत काही कामाला निघून जायचे.

थंडी सरता सरता ती गेली. मी मयताला गेले, दारातच उभी राहिले. हरीभाऊ अंगणात कुणाची तरी छत्री दुरुस्त करत बसले होते. कुणी दिली, का दिली, काही कळलं नाही. त्यांनी ती उघडली, मिटली, आणि भिंतीला टेकवून ठेवली.

वर्षभराने ह्यांची बदली झाली. सामान आधी गेलं; स्टेशन जवळच, पण मुली नि हातातली बोचकी होती म्हणून आम्ही चौघं टांग्याने निघालो. टांगा तोच, लक्ष्मीला उतरवणाऱ्याचा, टप हरीभाऊंनी शिवलेला. फाटक बंद होतं म्हणून रस्त्यावर खोळंबा झाला होता. आगगाडी गेली, फाटक उघडलं, आणि पलीकडे रांगेत ती लांब नाकाची मोटार उभी दिसली. हरीभाऊ पुढे बसले होते, टोपी घालून. मागची गादी रिकामी, तिच्यावर चादर नीट अंथरलेली. संध्याकाळची वेळ होती, शिरगावलाच निघाले असावेत.

मी खाली उतरून जाणार होते. सांगणार होते. मी मुलींना ह्यांच्याकडे दिलं, एक पाय पायरीवर ठेवला. तेवढ्यात हरीभाऊंनी बाजाराकडे एकदा बघितलं, हात मागे केला, आणि कमानी एका हाताने, कुरकुर न करता वर आल्या, रिकाम्या गादीवर येऊन उभ्या राहिल्या. गाडी आमच्या शेजारून बाजारात शिरली. त्यांनी मला बघून मान हलवली. टांगेवाल्याने घोड्याला टिचकारी दिली आणि मी पाय वर घेतला.

कमानींची काही चूक नव्हती.